रतनबाईचा निषाद

रतनबाई शेंडगे माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती मला उठवायला. मी ज्यावर ऐसपैस बसलो होतो ते तिच्या म्हशीच्या पेंडीचं पोतं होतं.

"उठा, बाबा," ती म्हणाली. "माणसाला बूड टेकायला सगळा माळ पडलाय. तिचं तेवढंच हाय."

मी उठलो. तिनं पोतं काखेत मारलं आणि मागे न बघता निघून गेली. पन्नाशीला टेकलेली, उंच, उन्हानं रापलेली बाई. चालताना पाठ अशी सरळ, की डोक्यावर हंडा नसतानाही तो आहे असं वाटावं.

हे २०१३ च्या मार्चमधलं. आदल्या पावसाळ्यात पावसानं नुसतं तोंड दाखवलं होतं. आष्टी तालुक्यात विहिरी तळाला गेल्या, ज्वारीचं पीक वीतभर उंचीवर थांबलं आणि माणसं जनावरं घेऊन चारा-छावणीला आली. पिंपळदऱ्याच्या माळावरची छावणी गावच्या सहकारी दूध संस्थेनं चालवायला घेतली होती. अकराशे जनावरं, त्यांच्यामागे चारशे-साडेचारशे माणसं, हिरव्या जाळीच्या सावल्या, दिवसातून तीनदा टँकर. माजलगावकडून उसाचे ट्रक यायचे. धरणाखालचा तो ऊस इथं म्हशी कडाकडा चावून खायच्या.

मी मूळचा दिंद्रुडचा. माजलगावहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला एक पान लिहायचो. जिल्ह्यातल्या नाटकवाल्यांना, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना गाठायचं, सध्या नवं काय चाललंय ते विचारायचं आणि झालेलं बोलणं छापायचं, एवढंच काम. पण त्या वर्षी कुणी भेटेना. गावातला माझा मित्र दरसाल जत्रेला नाटक बसवायचा, तोही म्हणाला, "यंदा जत्रा न्हाई, नाटक न्हाई. तुझ्या पानावर टँकरचं टायमिंग छाप बे."

अशात कुणीतरी सांगितलं की आष्टीकडं छावणीतच नवं संगीत नाटक बसतंय. मी दुसऱ्या दिवशी एसटी धरली.

नाटक बसवणारे दोघं होते. एक शहादेव, दूध संस्थेचा सचिव. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दुधाची फॅट बघायची आणि मधल्या वेळात नाटक लिहायचं, ही त्याची वीस वर्षांची सवय. दुसरे बंकट सर. आष्टीच्या शाळेतून संगीत शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी अंबाजोगाईला गुरूच्या घरी राहून अकरा वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेले. त्यांच्याही दोन गाई छावणीत होत्या, म्हणून तेही तिथंच. सोबत पेटी आणली होती.

"गाणी सगळी रागदारीतली आहेत," सर मला सांगत होते. "लोकांना हलकं देत राहिलं की लोक हलकंच मागतात. माझं म्हणणं..."

आणि ते थांबले. मागच्या दावणीतून कुणीतरी बाई गात होती. धार काढायची वेळ होती. किटलीत पडणाऱ्या दुधाच्या आवाजावर तिचा सूर चालला होता, सावकाश, मोकळा.

ये गं माझे चांदी, उभी ऱ्हाय दावणीला
कोरड्या गं माळावर, दूध येऊ दे धारेला

सरांनी बोट वर केलं. "ऐका. भूप. स्वच्छ भूप. पाचच सूर, एकही इकडचा तिकडं नाही." मग ओळ संपता संपता त्यांनी डोळे मिटून तोंड असं केलं, जसं काही दाताखाली खडा आलाय. "गेला!"

"काय गेलं?"

"भूप गेला. बाईंनी शेवटी कोमल निषाद लावला. भूपात निषाद वर्ज्य आहे. रोज असंच करतात. रोज दोन वेळा."

शहादेव हसायला लागला. "सर महिनाभर झाला तळमळतेत. म्या म्हणलं, एकदा बोलावू तर."

त्यानं हाक मारली. किटली घेऊन आली ती पेंडीच्या पोत्याची मालकीण.

"मावशी, आमच्या नाटकात गाता का?" शहादेवनं विचारलं.

"मी गात न्हाई. मी धार काढते. ते आपोआप निघतं."

"नाटकात बी तसंच आपोआप निघू द्या."

तिनं किटली खाली ठेवली. पदर सावरला. "काय हाय नाटकात?"

शहादेवनं सांगितलं. एक कुटुंब एकुलती म्हैस घेऊन छावणीच्या दारात येतं. छावणी भरलेली असते. कुटुंबातला गडी हात जोडून विचारतो, दावणीला जागा हाय का? नाटकाचं नावही तेच, 'जागा हाय का?'

"कोण इचारतो?"

"गडी."

"मंग खोटं हाय."

"खोटं कसं?" शहादेवनं विचारलं.

"आमी आलो त्या दिवशी आमचे हे बांधापल्याडच थांबलते," ती म्हणाली. "गडी मानसाला मागायची लाज वाटती. म्या इचारलं. माझ्या मागं सुंदरबाई उभी व्हती, तिनं इचारलं. तुमी दारावरच बसलेले. इसरले का?"

शहादेव विसरला नव्हता. त्यानं खिशातून पेन काढलं आणि तिथंच, मांडीवर वही ठेवून, पहिला प्रवेश खोडला. माझ्या पानासाठी मी ज्याची मुलाखत घ्यायला आलो होतो त्याची मुलाखत ती बाई घेत होती. मी माझी वही उघडली आणि तिच्याकडं तोंड करून बसलो.

ती तयार झाली, पण दोन अटींवर. धारेच्या वेळी तालीम नाही, ही पहिली. दुसरी अशी की नवऱ्याचं काम तिचा नवराच करील, परक्या गड्याशेजारी ती उभी राहणार नाही. नवरा, आश्रुबा, थोडा लांब बसून दोर वळत होता. सगळं ऐकूनही न ऐकल्यासारखं करणारा शांत गडी. त्यानं मान वर केली. "मला बोलाया लावू नका म्हंजी झालं," म्हणाला. शहादेवनं त्याला एकच शब्द दिला. केंद्रावर दूध घालताना नाव पुकारलं की म्हणायचं, "हाय."

खरा तंटा लागला तो सुरावरून. मी पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा तालीम चालू होती आणि बंकट सर पेटीवरून हात उचलून बसले होते.

"रतनबाई, तुमचा गळा देवानं दिलेला आहे. एवढा एक सूर सोडा. वरच्या षड्जावरून सरळ धैवतावर या."

"येत न्हाई."

"गळ्याला येतं. तुम्हाला यायचं नाही."

"मला यायचं न्हाई असं न्हाई, सर. चांदीला चालत न्हाई. तो सूर लावला न्हाई तर ती पान्हा सोडत न्हाई."

"म्हशीला राग कळतो?"

"तुमच्या भुपाला कळत आसंल. तिला मी कळते."

सर तसे समजूतदार, पण हट्टाला पेटले. संध्याकाळच्या धारेला ते स्वतः दावणीत जाऊन उभे राहिले. निम्मी छावणी गोळा झाली. रतनबाई उकिडवी बसली, किटली गुडघ्यात धरली आणि सरांनी सांगितलं तसं गायली. सूर वगळून. गाणं फार गोड झालं. सरांची मान डोलत होती. चांदीनं मात्र मागे वळून बघितलं, एक पाय झाडला आणि उभी राहिली. किटलीत थेंब नाही.

"आता तुमचं म्हणा," सर म्हणाले.

तिनं तिचं म्हटलं. ओळीच्या शेवटी तो सूर आला, किंचित खाली झुकणारा. दोन-तीन ओळी गेल्या आणि किटलीत धार वाजली. माणसांनी शिट्ट्या मारल्या.

"परका मानूस शेजारी उभा व्हता म्हणून तिनं आधी दूध चोरलं," आश्रुबा मागून माझ्या कानात म्हणाला. "सुराचं काय न्हाई. पर तुमी सांगू नका."

मी सांगितलं नाही. सर मात्र तेवढ्यावर ऐकणारे नव्हते. चहा पिताना त्यांनी पुन्हा विषय काढला. हा सूर तुम्हाला शिकवला कुणी, असं विचारलं. तेव्हा रतनबाईनं जे सांगितलं ते मी त्याच दिवशी लिहून घेतलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात ती सात वर्षांची होती. मेंढपाळाचं घर. बाप मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेला तो पाच महिने परत आला नाही. आई, बायनाबाई, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. सोबत रतन आणि पाळण्यातला भाऊ, सिदू. खायला सरकारी सुकडी मिळायची, पण आईचं दूध आटलं. मागं राहिलेली एक शेळी होती. तिच्या दुधावर सिदूला जगवायचं, तर शेळीनंही दूध आखडलं. आई दिवसभर हातोडा चालवून यायची आणि शेळीच्या पाठीवरून हात फिरवत गायची.

"एक दिस गाता गाता आईचा आवाज घसरला," रतनबाई म्हणाली. "थकली व्हती. वरनं असा खाली आला. आन् शेळीनं दूध सोडलं. दुसऱ्या दिशी आईनं मुद्दाम तसंच म्हणलं. मंग तसंच म्हणायची. सूर चुकीचा का बरोबर, मला न्हाई कळत, सर. त्या सुरावर सिदू जगला. आज सहा फूट हाय, दोन पोरींचा बाप हाय, शंभर मेंढरं राखतो. तो सूर मी काहून सोडू?"

कपातला चहा तसाच राहिला. सरांनी कप बाजूला ठेवून पेटी पुढ्यात ओढली.

"नका सोडू," ते म्हणाले. "तुम्ही म्हणा. मी मात्र तिथं पट्टी दाबणार नाही. गुरूंनी बोटांवर छडी मारून शिकवलंय मला. भूपात निषादावर हात जातच नाही माझा. तुमची ओळ तिथं आली की मी हात उचलतो. तेवढा सूर तुमचा एकटीचा."

"चालंल की," ती म्हणाली.

पुढचे दोन महिने तालमी तशाच चालल्या. ओळीच्या शेवटी पेटी गप्प व्हायची आणि रतनबाई तेवढी पायरी एकटी उतरायची. मी दर आठवड्याला जायचो. पानावर त्यांच्या तालमीच्याच गप्पा छापत होतो. संपादक म्हणाले, एकच छावणी किती दिवस? पण वाचकांची पत्रं येत होती. आष्टीचे ऊसतोड मजूर कारखान्यावरून परतले की साप्ताहिक मागून न्यायचे आणि मोठ्यानं वाचायचे, असं एसटीतल्या कंडक्टरनं मला सांगितलं.

तालमीत रतनबाई शहादेवला स्वस्थ बसू द्यायची नाही. म्हैस विकायची वेळ येते त्या प्रवेशात त्यानं मोठं रडगाणं लिहिलं होतं. तिनं ते काढायला लावलं. "जनावर जायाच्या टायमाला बाई रडत न्हाई, भाऊ. ती त्याला पाणी पाजती. रडती मागनं, कामं उरकल्यावर." प्रवेश तसा झाला. ती नुसती बादली पुढं धरते आणि म्हैस पाणी पिईपर्यंत उभी राहते. तालीम बघणाऱ्या बायका एकमेकींचे हात धरून बसायच्या.

एका दुपारी ती मला म्हणाली, "पत्रकार, एक इचारू? संस्था निघाली अठ्ठ्याऐंशीला. तवापासनं रोज दोन टाइम मीच दूध घालते. ताप आसो, पाऊस आसो. पर पुकारा होतो तो आमच्या मालकाचा. सभासद ते. सभेची चिठ्ठी त्यांना. ते वाईट हायेत असं न्हाई. पर दूध तर मी घालते ना?"

मी विचारलं, हे शहादेवला सांगितलंत का? ती म्हणाली, "त्याला कशाला सांगू? तो पुकारणारा हाय. त्याला यादीत दिसतं तेच नाव घ्यावं लागतं." आणि म्हशीसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं तोडायला निघून गेली. मी ते पानावर छापलं नाही. वाटलं, हे तिनं मला सांगितलंय, साप्ताहिकाला नाही.

प्रयोग ठरला मेच्या तिसऱ्या आठवड्यात. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून रंगमंच केला. मागे उसाच्या वाढ्यांची भिंत. धारा संपवून, दूध केंद्रावर घालून लोक पाच वाजल्यापासून येऊन बसले. ऊन कलत होतं, सावल्या लांब झाल्या होत्या. शेजारच्या चार छावण्यांतून माणसं आली. दीड-दोन हजार तरी असतील. पुढे चार खुर्च्या, त्यातल्या मधल्या खुर्चीत संस्थेचे चेअरमन आप्पाराव. तालुक्यात वजन असलेला माणूस. पांढरे कपडे, भारी आवाज. छावणीसाठी त्यांनीच धावपळ केली होती आणि नाटकात त्याचा उल्लेख असावा असं शहादेवला दोनदा सुचवलंही होतं.

पहिला प्रवेश झाला. रतनबाई चांदीला घेऊन आली, खऱ्या चांदीला. म्हैस ट्रॉलीवर चढणार नाही म्हणून तिला खालीच उभं केलं होतं. "दावणीला जागा हाय का?" एवढंच विचारलं तिनं, आणि अख्खा माळ चिडीचूप झाला. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरातून कुणीतरी हे वाक्य कुणाच्या तरी दारात उभं राहून म्हटलेलं होतं.

मग आला दूध केंद्राचा प्रवेश. शहादेव स्वतःचंच काम करत होता. टेबल, समोर यादी, दुधाचे कॅन. रांगेत पाच-सहा गडी. नवी नावं सुचली नाहीत म्हणून शहादेवनं छावणीतलीच खरी नावं नाटकात घातली होती.

"आश्रुबा शेंडगे!" त्यानं पुकारलं.

इथं आश्रुबानं "हाय" म्हणायचं आणि किटली टेबलावर ठेवायची. तालमीत पन्नास वेळा झालं होतं. पण आश्रुबा पुढं येण्याआधी त्याच्या हातातली किटली रतनबाईनं घेतली आणि ती टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"ते न्हाईत," ती म्हणाली. "मी हाय."

शहादेव गोंधळला. हे नाटकात नव्हतं. पण वीस वर्षं रंगमंचावर वावरलेला माणूस, त्यानं सावरून घेतलं. "मावशी, यादीत नाव त्यांचं हाय."

"धार कोण काढतं?"

शहादेवनं आश्रुबाकडं बघितलं.

"इचारा की त्यांना. हितंच उभे हायेत."

दोन हजार माणसं आश्रुबाकडं बघायला लागली. एक शब्द बोलायच्या बोलीवर नाटकात आलेला तो गडी. घाम पुसला त्यानं. मग खणखणीत आवाजात, तालमीत कधीच निघाला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "ती काढती. पंचवीस वर्सं झाली. मी कासंला हात लावला तर चांदी लाथ घालती मला."

असा हशा उसळला की दावणीतली जनावरं उठून उभी राहिली. शहादेवही हसला. हसता हसताच, पुढं काय करावं न सुचून, त्यानं यादीतलं पुढचं नाव घेतलं. "धोंडीराम खाडे!"

रांगेतल्या गड्यानं तोंड उघडलं होतं. पण आवाज आला प्रेक्षकांतून.

"ते न्हाईत. मी हाय. सुंदरबाई."

सुंदरबाई उठून उभी होती. शहादेवनं तिच्याकडं बघितलं. मग रतनबाईकडं. त्याच्या पुढ्यातल्या यादीत आता तीनच नावं उरली होती. त्यानं ती यादी बाजूला ठेवली आणि पाठ असलेली नावं घ्यायला लागला. रोज सकाळ-संध्याकाळ पुकारलेली, संस्थेच्या खऱ्या सभासदांची. एकेका नावाला एकेक बाई उठत होती. कुणी तरणी, कुणी काठी टेकत. "ते न्हाईत, मी हाय. वत्सलाबाई." "मी हाय. तुळजाबाई." कुणाला आवाज फुटेना, तर ती नुसती हात वर करून उभी राहिली. काही जणींचे नवरे शेजारीच बसलेले, ते हसत होते, एक-दोघांनी मान खाली घातली होती. मी एकतीसपर्यंत मोजलं. पुढे माझं मोजणं चुकलं.

त्या उभ्या राहिलेल्या बायकांसमोर रतनबाईनं गायला सुरुवात केली. नाटकातलं शेवटचं गाणं, चांदीचं. बंकट सर खाली पेटी घेऊन बसले होते. ओळ चढली, रेंगाळली, शेवटाला आली. मी सवयीनं सरांच्या हाताकडं बघितलं, तो आता उचलणार म्हणून.

हात उचलला नाही. बोट काळ्या पट्टीवर गेलं आणि निषाद वाजला. बाईच्या गळ्यातला आणि पेटीतला, दोन्ही एकच होऊन. सरांनी तो लावला आणि धरून ठेवला, श्वास पुरेल तोवर तिनंही धरला. रतनबाईनं गाता गाता त्यांच्याकडं बघितलं. हसली. पुढची ओळ तिनं एवढ्या जोरात उचलली की शेजारच्या छावणीत राखणीला मागं राहिलेल्या माणसांनाही ती ऐकू गेली म्हणे.

गाणं संपल्यावर कितीतरी वेळ टाळ्या थांबेनात. मग आप्पाराव खुर्चीतून उठले आणि ट्रॉलीवर चढले. माणसं गप्प झाली. शहादेव टेबलामागून उठून उभा राहिला.

"भाषण करत न्हाई," आप्पाराव म्हणाले. "शादेव, वार्षिक सभेचा पहिला विषय लिहून घे. जी दूध घालती, ती सभासद. माझ्या घरी बी दूध बायकोच घालती, हे मला आज आठवलं."

नंतर काही जण म्हणाले की दोन हजार लोकांपुढं त्यांना दुसरं बोलताच आलं नसतं. असेलही. पण सप्टेंबरात सभा झाली तेव्हा त्यांनी शब्द फिरवला नाही. सभेत दोघातिघांनी हरकत घेतली. सभासद व्हायचं तर जनावर स्वतःच्या नावावर पाहिजे, असा नियम त्यांनी दाखवला. आश्रुबा उठला. "लिहा मंग," म्हणाला, "चांदी म्हैस, मालकीण रतन आश्रुबा शेंडगे." त्याचं बघून बाकीचे उठत गेले. त्या दिवशी सत्तावन्न बायका सभासद झाल्या. रतनबाईनं सही करायला बराच वेळ घेतला. एकेक अक्षर जोडत. घाई कुणीच केली नाही. सही झाल्यावर तिनं कागद उचलून लांब धरून बघितला आणि म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ बगा कुणीतरी."

पाऊस त्या वर्षी बऱ्यापैकी झाला. छावणी उठली, पण नाटक उठलं नाही. डिसेंबरात माजलगावला एका साखर कारखान्याच्या अड्ड्यावर, ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांपुढं प्रयोग झाला. तिथं निम्मे लोक आष्टीकडचेच. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला लावला. दिंद्रुडला माझ्या मित्रानं जत्रेत बोलावलं. दोन वर्षांत चौतीस प्रयोग झाले. प्रत्येक गावात केंद्राचा प्रवेश आला की त्या गावच्या बायका उठायच्या. शहादेव आधी जाऊन तिथल्या संस्थेच्या सभासदांची नावं पाठ करून यायचा.

अंबाजोगाईच्या प्रयोगाला बंकट सरांचे गुरू आले होते. वय चौऱ्याऐंशी, दोघांनी धरून आणलेले. सर आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. प्रयोग झाल्यावर गुरूंनी रतनबाईला समोर बसवलं आणि ती ओळ पुन्हा म्हणायला सांगितली. तिनं म्हटली. आणखी एकदा. आणखी एकदा. मग त्यांनी कापऱ्या आवाजात स्वतः म्हणून पाहिली. निषाद लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही.

"सरळ जाऊ नका," रतनबाई म्हणाली. "थकल्यासारखं उतरा."

तिसऱ्या वेळी लागला. म्हातारबांनी मांडीवर हात मारला, लहान पोरासारखे हसले आणि बंकट सरांना म्हणाले, "बंकट, ही चीज नीट लिहून ठेव. वर नाव बाईंचं घाल."

सरांनी लिहून ठेवली. बायनाबाई, त्यांची मुलगी रतनबाई, असं दोघींचं नाव घालून. त्यांच्या आष्टीच्या गाण्याच्या वर्गात आता ती शिकवली जाते. सूर तेच पाच, सकाळी म्हटली तर देसकार, संध्याकाळी भूप, आणि शेवट रतनबाईचा, असं सर मुलांना सांगतात.

पुढं पुन्हा पाऊस रुसला. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच माळावर छावणी टाकायची वेळ आली तेव्हा संस्थेच्या संचालक मंडळात चार बायका होत्या आणि छावणीचं काम मंडळानं रतनबाईकडं सोपवलं. मी माजलगावहून गेलो तेव्हा ती हातात चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन उन्हात उभी होती, जमिनीवर रेघा मारून घेत. आधी बायकांच्या न्हाणीघरांची जागा आखली. मग पाण्याच्या टाक्यांची. तिसरी रेघ तिनं स्वतः मारली, मोठी चौकोनी, आणि तिच्यात दोन ट्रॉल्या आणून उभ्या करायला लावल्या.

"नाटकाची जागा आदी धरून ठिवायची," ती मला म्हणाली. "मागनं दावणी पसरत्यात, मंग कोण जागा देत न्हाई. शादेव लिव्हतोय. ह्या टायमाला पंधरा बायका हायेत. आन् सुंदरबाईला तबला शिकायचाय, सर शिकवतेत." तिनं हात झटकले, फक्कीची पांढरी भुकटी वाऱ्यावर उडाली. "या आठ दिसांनी. पहिल्या प्रवेशाची तालीम हाय. वही आना."

आठ दिवसांनी मी गेलो. सोबत नवी कोरी वही होती.